खलिफा मामून आणि त्याची कसोटी

धर्माच्या बाबतींत बुद्धीचाहि अधिकार चालला पाहिजे, असें म्हणणाऱ्या मंडळींचें एक जुनें स्वप्न आहे. आपल्या मताचा एखादा राजा गादीवर यावा, खजिना, फौज व न्यायासन हीं तिन्ही त्याच्या हातीं असावींत, आणि पिढ्यान्‌पिढ्या उपदेश करून जें साधत नाहीं तें त्यानें एका हुकुमानें घडवून आणावें, असें तें स्वप्न. आम्ही स्वतः सुधारणेच्या पक्षाचे आहों. तेव्हां हें स्वप्न आम्हांस कधींच पडलें नाहीं असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु जगाच्या इतिहासांत तें एकदां पुष्कळ अंशीं खरें झालें होतें, ही गोष्ट आमच्यांतल्या फार थोड्यांस ठाऊक असते. इ. स. 813 पासून 833 पर्यंत बगदादच्या साम्राज्याचा धनी असलेला, अब्बासी घराण्यांतला सातवा खलिफा अब्दुल्ला अल्‌-मामून हा तो राजा. त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों, तें त्याच्या गौरवासाठीं जितकें, तितकेंच त्याच्या एका चुकीसाठीं.

मामूनचा बाप हारून-अल्‌-रशीद आमच्या वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी गोष्टी मराठींत आणल्या तेव्हांपासून, वेष पालटून रात्रीं बगदादच्या गल्ल्यांतून हिंडणारा हा खलिफा मराठी घरांतल्या मुलांनाहि माहीत झाला. मुलाला मात्र आमच्याकडील इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. इस्लामाचा आरंभींचा इतिहास म्हणजे निव्वळ तलवारीचा इतिहास, अशी समजूत करून घेऊन आम्ही तें पुस्तकच मिटून ठेवितों, हें याचें एक कारण होय.

तलवार होती, हें कोणी नाकारीत नाहीं. पैगंबर महंमद 632 सालीं निवर्तले, आणि त्यानंतर शंभर वर्षें पुरतीं लोटलीं नाहींत तों अरबांचें राज्य सिंधपासून स्पेनपर्यंत पसरलें. पण मूठभर अरबांस हें साधलें कसें, हा प्रश्न तलवारीचें नांव घेतल्यानें सुटत नाहीं. कॉन्स्टँटिनोपलचे बादशहा आणि इराणचे सासानी शहा यांनीं 602 पासून 628 पर्यंत एकमेकांशीं लढून आपापलीं राज्यें आंतून पोखरून ठेविलीं होतीं. सिरिया व मिसर येथील ख्रिस्ती प्रजेस पंथभेदामुळें स्वतःच्याच बादशहाचा जाच होत होता. नव्या राज्यकर्त्यांनीं जिझिया घेऊन त्यांस त्यांचा धर्म पाळूं दिला. इराणांत व मिसरांत मुसलमानांची बहुसंख्या व्हावयास पुढें कांहीं शतकें लागलीं. सरकारी दप्तर तर कितीएक वर्षें दमास्कसला ग्रीक भाषेंत आणि इराकांत पहलवींत चालत असे. 685 ते 705 या काळांतला खलिफा अब्दुल्‌-मलिक यानें तें अरबींत आणविलें. आणि या एका कारकुनी फेरफारानें जें घडलें तें कोणत्याहि लढाईनें घडलें नसतें. बाल्खचा इराणी, एडेसाचा ख्रिस्ती, हर्रानचा नक्षत्रपूजक आणि बसऱ्याचा अरब हे एकमेकांचे ग्रंथ एका भाषेंत वाचूं लागले. चिनी लोकांपासून शिकलेली कागदाची कृति समरकंदाहून बगदादेस आली, आणि ग्रंथ स्वस्त झाले.

या राज्यास एक दुखणें मात्र जन्मापासून जडलेलें होतें. धर्मानें सर्व मुसलमान सारखे; पण व्यवहारांत जो अरब नव्हे तो इस्लाम स्वीकारूनहि खालच्या पंक्तीस बसे. जातीच्या पंक्ती आम्हांस नव्या नाहींत, म्हणून तिकडची ही पंगत आमच्या लगेच ध्यानांत येते. याच असंतोषाच्या बळावर खुरासान प्रांतांतून बंड उठलें, 750 सालीं दमास्कसचें उमय्या घराणें बुडालें, आणि अब्बासी गादीवर आले. त्यांतला दुसरा खलिफा मनसूर यानें 762 सालीं बगदाद शहर वसविण्यास आरंभ केला. त्याच्याच दरबारीं सिंधाकडून गेलेल्या एका वकिलातीबरोबर आपल्या ब्रह्मगुप्ताच्या परंपरेंतलें ज्योतिषगणित पोहोंचलें आणि त्याचें अरबींत भाषांतर झालें. पुढें खलिफांचें वजीरपद भूषविणारें बर्मकी घराणें हें तर मूळ बाल्खच्या नवबहार या बौद्ध विहाराच्या मुख्यांचें घराणें होतें.

अशा काळीं 786 सालच्या सप्टेंबरांत, ज्या रात्रीं हारून खलिफा झाला त्याच रात्रीं, मामून जन्मला. त्याची आई मराजिल ही इराणी दासी. मुलास जन्म दिल्यावर ती थोड्याच दिवसांत वारली. सहा-सात महिन्यांनीं हारूनची पट्टराणी झुबैदा हिला मुलगा झाला, तो अमीन. झुबैदा खलिफा मनसूरची नात. तेव्हां अमीन दोन्ही कुळांनीं शुद्ध, आणि वडील असूनहि मामून दासीपुत्र. पहिला वारसा अमीनास मिळाला तो एवढ्याच कारणास्तव. हारूनला दोघांची पारख नव्हती असें नाहीं. म्हणूनच 802 सालीं त्यानें दोघांस मक्केस नेऊन, अमीन खलिफा व्हावा, मामूनकडे खुरासान राहावें आणि अमीनामागून गादी त्याला मिळावी, असे करार लिहवून घेऊन ते काबामध्यें टांगविले. राज्याचे करार देवाच्या भिंतीवर टांगल्यानें पाळले जातात, अशी त्याची श्रद्धा असावी. 809 सालीं तूस येथें हारून वारला, आणि पुढल्याच वर्षीं अमीनानें स्वतःच्या तान्ह्या मुलाचें नांव वारस म्हणून पुढें केलें व ते कागद मक्केहून आणवून नष्ट करविले.

यादवीचा तपशील आम्ही देत नाहीं. मामून मर्व शहरीं बसून राहिला. त्याचा सेनापति ताहिर यानें 811 सालीं रै येथें अमीनाची फौज मोडली आणि पुढें वर्षाहून अधिक काळ बगदादेस वेढा दिला. त्या वेढ्यांत मनसूरच्या शहराचा मोठा भाग जळाला. 813 च्या सप्टेंबरांत अमीन मारला गेला व त्याचें मस्तक मर्वास भावापुढें आलें. मामूनला त्याचें दुःख झालें असें त्याचे स्तुतिपाठक लिहितात. झालेंहि असेल, पण ताहिर त्यानंतर खुरासानचा सुभेदार झाला, हें त्याबरोबरच लिहून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

आतां त्याच्या कारकीर्दींतल्या एका खरोखर धाडसी गोष्टीकडे वळूं. पैगंबराचा जांवई अली याचें घराणें आणि अब्बासी घराणें यांचें वैर दोन पिढ्यांचें होतें. 817 सालीं मामूननें आपल्या घराण्यास बाजूस सारून अलीच्या वंशांतले, शिया पंथाचे आठवे इमाम अली रिझा यांस आपला वारस नेमलें, आणि अब्बाशांचा काळा रंग काढून हिरवा रंग चालू केला. मर्वाहून हें सोपें दिसलें. बगदादेंत मात्र आग भडकली. तेथल्या मंडळींनीं मामूनचा चुलता इब्राहीम, जो राजकारणापेक्षां गाण्यांत अधिक कुशल होता, त्यालाच खलिफा केलें. मामून पश्चिमेकडे निघाला. वाटेंत 818 सालीं त्याच्या वजिराचा सरख्स येथें स्नानगृहांत खून झाला, आणि त्याच वर्षीं अली रिझा तूस येथें वारले. त्यांस विष घातलें गेलें असें शिया लोक मानतात. त्यांच्या समाधीभोंवतीं वाढलेलें नगर म्हणजेच आजचें मशहद. 819 सालीं मामून बगदादेंत शिरला, आणि थोड्याच दिवसांत हिरवा रंग जाऊन पुन्हां काळा आला. लपून बसलेला इब्राहीम पुढें स्त्रीवेषांत सांपडला, तेव्हां मामूननें त्याला क्षमा केली.

बगदादेस आल्यानंतरचीं वर्षें हीं या चरित्राचें सार आहे. ग्रीक ग्रंथांचें भाषांतर मामूननें सुरू केलें, असें जें सर्रास लिहिलें जातें तें बरोबर नव्हे. तें मनसूरच्या वेळेपासून चाललें होतें. ज्याचा फार बोलबाला आहे तें त्याचें ज्ञानमंदिरहि, अलीकडील संशोधकांच्या मतें, मुख्यतः राजवाड्यांतलें ग्रंथालय होतें, आणि भाषांतरें शहरांत अनेकांच्या घरीं चालत. परंतु यानें मामूनचें श्रेय कमी होत नाहीं. राजानें विद्येस आश्रय दिला म्हणजे सरदारांस व सावकारांस तिची हांव सुटते, आणि तेंच येथें झालें. मुसा इब्न शाकिर नांवाचा एक ज्योतिषी होता. तरुणपणीं तो वाटमारी करीत असे असें सांगतात. त्याचीं तीन मुलें पोरकीं झालीं तेव्हां मामूननें त्यांस शिकविलें; पुढें तेच तिघे भाऊ गणितांत व यंत्रविद्येंत नांवाजले आणि भाषांतरकारांस पदरचे पैसे देऊं लागले. हज्जाज इब्न मतर यानें युक्लिडाची भूमिति मामूनसाठीं दुसऱ्यांदा अरबींत उतरविली. हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्यानें याच कारकीर्दींत तरुण वयांत गेलनचे वैद्यक ग्रंथ हातीं घेतले. ख्वारिझमीनें आपला बीजगणिताचा ग्रंथ मामूनास अर्पण केला. त्याचा मोठा भाग वारसाच्या वांटण्यांच्या हिशोबांनीं भरला आहे, इतकी ती विद्या बाजारांत व काझीच्या कचेरींत उपयोगी पडणारी होती. याच ख्वारिझमीनें हिंदूंच्या अंकपद्धतीवर पुस्तक लिहिलें, आणि आपला शून्य त्या वाटेनें युरोपास गेला.

आम्हांस सर्वांत अधिक कौतुक वाटतें तें पृथ्वीच्या मापाचें. टॉलेमीच्या ग्रंथांत आंकडा लिहिलेला होता, आणि टॉलेमी म्हणजे त्या काळचें प्रमाण. तरी मामूननें सिंजारच्या सपाट माळावर ज्योतिष्यांच्या तुकड्या पाठविल्या. एकीनें उत्तरेस, दुसरीनें दक्षिणेस चालत जावें, ध्रुवाची उंची एका अंशानें बदलेपर्यंत दोऱ्या व खुंट्या यांनीं जमीन मोजावी, असा हुकूम होता. एका अंशास सत्तावन्नाहून किंचित कमी अरबी मैल हें उत्तर आलें. बगदादेस 828 च्या सुमारास आणि नंतर दमास्कसजवळच्या कासियून टेकडीवर त्यानें वेधांचीं ठाणीं बसविलीं, तींहि ग्रंथांतले आंकडे आकाशाशीं ताडून पाहण्यासाठीं. प्रमाणग्रंथाचा आदर ठेवून त्याची फेरतपासणी करावयाची, ही बुद्धि आमच्या पंचांगकर्त्यांत कधीं येईल?

त्याला म्हणे एकदां स्वप्नांत अरिस्टॉटल दिसला. चांगलें कोणतें, असें मामूननें विचारलें. बुद्धीस जें चांगलें दिसतें तें, असें उत्तर आलें. त्यानंतर कोणतें, तर धर्मशास्त्रास जें चांगलें तें. त्यानंतर, लोकांस जें चांगलें तें. त्यापुढें चौथें कांहीं नाहीं, असें स्वप्नांतल्या तत्त्ववेत्त्यानें बजावलें. ही कथा कोणी रचलेली असो, राजाचें मन तिच्यांत उतरलें आहे. त्याच्या सभेंत निरनिराळ्या मतांच्या पंडितांचे वाद चालत. यज्दानबख्त नांवाचा मानीपंथाचा आचार्य अभयपत्र देऊन बोलाविलेला होता. वादांत तो हरला, तेव्हां इस्लाम स्वीकार असें मामूननें त्यास सुचविलें. लोकांस धर्म सोडावयास भाग पाडणारा तूं राजा नव्हेस, असें त्यानें नम्रपणें सांगितलें. मामूननें तें मान्य केलें, आणि रस्त्यावरच्या जमावापासून त्यास इजा होऊं नये म्हणून भोंवतीं पहारा ठेविला. हें ज्यानें केलें, त्यानेंच पुढील प्रकरण केलें. म्हणून हें चरित्र आम्हांस वारंवार वाचावेसें वाटतें.

त्या काळीं मोतझिला नांवाचा एक बुद्धिवादी पंथ होता. कुराण हें ईश्वराचें वचन, हें सर्वांसच मान्य. पण तें अनादि कीं ईश्वरानें कालांत निर्माण केलेलें, हा वाद होता. अनादि म्हटलें तर ईश्वराशेजारीं दुसरी अनादि वस्तु उभी राहते व एकेश्वरवादास बाध येतो, असें मोतझिलांचें म्हणणें. वेद अपौरुषेय मानणारे मीमांसक आणि ते ईश्वरकृत मानणारे नैयायिक यांचा वाद ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या वादाचें स्वरूप चटकन्‌ कळेल. मामूनला मोतझिलांचें मत पटलें, आणि 827 सालीं त्यानें तें जाहीर केलें. येथवर कोणाची तक्रार असूं नये. पण 833 सालीं, रोमी बादशहावर स्वारी करण्यासाठीं सरहद्दीकडे गेला असतां, त्यानें रक्का येथून बगदादचा सुभेदार इसहाक इब्न इब्राहीम यास खलिता धाडला कीं, काझी व हदीसपंडित यांची या एका प्रश्नावर परीक्षा घ्यावी. अरबींत तिला मिह्‌ना, म्हणजे कसोटी, म्हणतात. कुराण निर्मित आहे असें जो म्हणणार नाहीं त्याचें न्यायासन जावें आणि न्यायालयांत त्याची साक्ष धरूं नये.

त्या खलित्यांतला सामान्य जनांविषयींचा सूर आमच्या मनास विशेष टोंचतो. बहुजनसमाज अडाणी, त्याला विचार करतां येत नाहीं, त्याला वाटेवर आणणें हें खलिफाचें कर्तव्य, असा तो सूर आहे. हा सूर कोणा धर्मवेड्याचा नव्हे; ज्ञानाच्या कैवाऱ्याचा आहे, आणि खरें बोलावयाचें तर आमच्या पक्षाच्या लेखांतूनहि तो अधूनमधून ऐकूं येतो.

आधीं सात नामांकित पंडितांस रक्क्यास नेलें, ते नमले. मग बगदादेंत एकेकाची चौकशी सुरू झाली. कोणी म्हणे कुराण ईश्वराचें वचन आहे, याहून अधिक मला बोलतां येत नाहीं. कोणी शब्दांच्या आडोशास लपे. उत्तरें मामूनकडे गेलीं. त्याच्याकडून जो खलिता आला त्यांत वादाचा मुद्दा बाजूस राहून, एकेका पंडिताच्या खाजगी वर्तनाचे वाभाडे काढलेले होते. पृथ्वी मोजणाऱ्या मनुष्याची लेखणी या थरास गेली! अखेर चार मनुष्यें उरलीं, त्यांतलीं दोन बेड्या पडल्यावर वळलीं, आणि अहमद इब्न हंबल व महंमद इब्न नूह हे दोघेच राहिले. त्यांस बेड्यांसह सरहद्दीकडे रवाना केलें. पण ते वाटेंत असतांनाच 833 च्या ऑगस्टांत तार्सुसजवळ मामून तापानें वारला. त्याचें वय सत्तेचाळिसांच्या आंतच होतें. मरतांना कसोटी चालू ठेवण्याविषयीं त्यानें भाऊ मोतसिम यास सांगून ठेविलें. महंमद इब्न नूह परतीच्या वाटेवर वारला. अहमदाला मोतसिमानें फटके मारविले. तो मत बदलीना, तेव्हां त्यास सोडून दिलें.

अहमद आमच्या मताचा नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंपरेंत जें सांगितलें आहे त्यापलीकडे तर्काचें पाऊल पडूं नये, असें मानणारा तो पुरुष. त्याच्या हातीं सत्ता असती तर त्यानें मोतझिलांस मोकळें बोलूं दिलें असतें, असा आमचा समज नाहीं. पण त्या दिवशीं सुभेदाराच्या कचेरींत मनाचें स्वातंत्र्य बुद्धिवाद्यांच्या बाजूस नव्हतें, या बेडी घातलेल्या सनातन्याच्या बाजूस होतें. बुद्धीचें नांव घेणाऱ्यांनीं स्वतःहून तें त्याला देऊन टाकलें.

यावर आमचा एखादा वाचक विचारील कीं, मग राजसत्तेनें सुधारणा करूंच नये काय? 1829 सालीं सतीची चाल कायद्यानें बंद झाली ती चूक होती काय? मुळींच नव्हे. जिवंत स्त्रीस जाळूं नये असें कायदा सांगतो, तेव्हां तो हात धरतो. जाळणाराच्या मनांत काय आहे याची तो झडती घेत नाहीं. मामूनची कसोटी नेमकी उलट होती. तिनें कोणाचा जीव वांचविला नाहीं, कोणा गरिबाचा भार हलका केला नाहीं. एक वाक्य तोंडानें वदवून घेणें एवढाच तिचा हेतु होता.

पुढें तर ती भलत्याच थरास गेली. वासिक खलिफाच्या वेळीं, 845 सालीं, रोमी बादशहाशीं कैद्यांची अदलाबदल झाली. त्या वेळीं परत येणाऱ्या मुसलमान कैद्यांसहि कुराण निर्मित कीं अनिर्मित हें विचारलें गेलें, आणि ठरलेलें उत्तर न देणाऱ्यांस सोडवून घेतलें नाहीं. पुढल्या वर्षीं अहमद इब्न नस्र या वृद्धावर खुद्द खलिफानें तलवार चालविली. 847 सालीं मुतवक्किल गादीवर आला आणि त्यानें कांहीं वर्षांत कसोटी बंद करून त्या विषयावरचा वादच मना केला. परंतु हत्यार त्यानें टाकलें नाहीं, दुसरीकडे वळविलें: ख्रिस्ती व यहुदी प्रजेवर वेगळ्या पोषाखाची सक्ति केली आणि करबल्याची हुसेनची समाधि पाडविली.

855 सालीं अहमद इब्न हंबल बगदादेंत वारला, तेव्हां त्याच्या प्रेतयात्रेस सारें शहर लोटलें होतें. धर्मांत काय मानावें हें ठरविण्याचा खलिफाचा अधिकार त्यानंतर कोणी मनापासून मानला नाहीं. तो पंडितांकडे गेला. भाषांतरें, वेध व गणित हीं मात्र, ज्यांसाठीं कोणाला बेडी घालावी लागली नव्हती, आणखी दीडशें वर्षें जोमानें चाललीं. मोतझिला पंथ कांहीं काळ टिकला, मग ओसरला; त्याचे बहुतेक ग्रंथ नाहींसे झाले, आणि त्यांचीं मतें कित्येक शतकें त्यांच्या विरोधकांच्या खंडनांतूनच वाचावीं लागलीं. 1950 नंतर येमेनच्या डोंगराळ मुलखांतल्या झैदी लोकांच्या जुन्या ग्रंथसंग्रहांत त्या पंथाच्या काझी अब्दुल्‌-जब्बार याच्या मोठ्या ग्रंथाचे बरेच भाग हस्तलिखितांत सांपडले, आणि ते कैरो येथें छापले गेले.